ट्रेडमिलवर १४ ने पळतोय, तरी वेग वाढेना. सल्ला हवा

पायवाट:
पुण्यात राहतो, वय ४३, तीन वर्षं पळतोय. हाफ मॅरेथॉनची (२१.१ किमी) सगळ्यात चांगली वेळ २ तास ६ मिनिटं. जानेवारीत मुंबईला दोन तासांच्या आत यायचंय. एरवी तळजाईवर पळतो, पण सध्या तिथं नुसता चिखल, आणि रस्त्यावर अंधारात खड्डे दिसत नाहीत. म्हणून आठवड्यातून दोनदा सोसायटीच्या जिममध्ये ट्रेडमिल. १ मिनिट ताशी १४ किमीच्या स्पीडला, १ मिनिट चालणं, असं दहा वेळा. तीन आठवडे झाले. वेगात फरक नाही, उजवी पोटरी मात्र धरलीय. शिवाय वॉर्मअप धरून मशीन ४.७ किमी दाखवतं, घड्याळ ४.२. खरं कोण? आणि इन्क्लाइन, म्हणजे पट्ट्याचा चढ, शून्य ठेवू की एक टक्का?

फाटका_बूट:
चाकणला जायचंय आणि तुम्ही नागपूरच्या गाडीत बसलाय!

दोन तासांत हाफ म्हणजे किलोमीटरला ५:४१, मशीनवर साधारण १०.६. तुमचं १४ म्हणजे ४:१७. त्या वेगाचा तुम्हाला आत्ता काही उपयोग नाही. त्यातही पट्ट्याला १४ वर पोचायला पंधरा-वीस सेकंद लागतात, म्हणजे मिनिटातली चाळीसच सेकंद कामाची. दम लागतो खरा, पण शरीराला तो वेग धरून ठेवायची सवय लागत नाही.

त्यापेक्षा एक दिवस १० मिनिटं सावकाश जॉग, मग ३ मिनिटं ११ ला आणि २ मिनिटं ६.५ ला, असं पाच वेळा. स्पीड स्थिर झाल्यावरच वेळ मोजायला लागा. दुसऱ्या दिवशी १०.३-१०.४ ला दहा-दहा मिनिटांचे दोन तुकडे. ट्रेडमिलची खरी मजा या दुसऱ्या दिवशी आहे. रस्त्यावर आपण नकळत ढिले पडतो, पट्टा पडू देत नाही. पहिल्या दिवसाचा पाचवा तुकडा पहिल्या तुकड्यासारखाच पळता आला तर पुढच्या आठवड्यात ०.१ वाढवा, नाहीतर तिथंच राहा.

पोटरी आधी बरी होऊ द्या. आठवडाभर वेगाचं नाव नको. तरी दुखलीच तर फिजिओकडे जा, इथं विचारत बसू नका.

उखळीवाली:
वरच्या सगळ्याला +१. पायवाट, तुमच्या जिममधला टीव्ही एका बाजूला आहे का? मी महिनाभर डावीकडे मान वळवून मालिका बघत पळत होते आणि दुखायचा उजवा गुडघा. टीव्ही बंद केला, गुडघाही गप्प झाला. कारण तेच होतं का, देव जाणे.

पंखा मात्र लावाच. पळताना जागा सोडत नाही, त्यामुळे अंगाला वारा लागत नाही. घाम वाळत नाही आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके चढत जातात. आणि सेफ्टी क्लिप टीशर्टला अडकवा. ती मशीनची शोभा नाही. पाय घसरला तर ती ओढली जाऊन निघते आणि पट्टा थांबतो.

टेकडीप्रेमी:
लोक टेकडी सोडून जागच्या जागी पळायला पैसे भरतात. चालू द्या. आम्ही पावसातसुद्धा वेताळ टेकडीवर असतो.

फाटका_बूट:
टेकडीप्रेमी, क्रिस्टिन क्लार्क ही अलास्कातली डॉक्टर. तिथल्या हिवाळ्यामुळे तिनं बरीचशी तयारी ट्रेडमिलवर केली आणि २००० मध्ये अमेरिकेची ऑलिंपिक मॅरेथॉन निवड स्पर्धा जिंकली. आपल्याला बर्फ नाही, चिखल आहे, एवढाच फरक.

कासपठार:
इन्क्लाइनचं सांगतो. १ टक्क्याची गोष्ट १९९६ च्या जोन्स आणि डाउस्ट यांच्या अभ्यासातून आलीय. घरात समोरून वारा नसतो, त्याची भरपाई म्हणून तो चढ. पण हवेचा अडथळा वेगाबरोबर झपाट्यानं वाढतो, त्यामुळे सावकाश पळणाऱ्याला फरक नगण्य. तुमच्या वेगाला शून्य की एक यावर झोप घालवू नका. पोटरी दुखतेय तोवर शून्यच बरं.

मी सातारा हिल हाफसाठी ४-५ टक्क्यांवर ८.५ ला पळतो, यवतेश्वरच्या घाटासाठी चांगलं पडतं. पण घाट उतरायचाही असतो आणि आमच्या मशीनला उतार नाही. मांड्यांची वाट उतरतानाच लागते, म्हणून रविवारी खरा घाट चुकवत नाही.

घड्याळ खरं की मशीन, तेही बघता येतं. मशीन बंद असताना पट्टा हातानं सरकवत टेपनं पूर्ण लांबी मोजा. कडेला खडूची खूण करा. मग १० ला पळा आणि दुसऱ्या कुणालातरी २० फेऱ्यांचा वेळ घ्यायला सांगा. पळतानाच मोजायचं, अंगाच्या वजनानं पट्टा मंदावतो.

पायवाट:
सगळ्यांचे आभार. दोन आठवडे गायब होतो, पोटरी आता ठीक आहे. टीव्ही उजवीकडेच होता!

पट्टा निघाला ३.२ मीटर. मुलीनं मोबाइलवर शूट करून मोजलं, २० फेऱ्यांना २५ सेकंद. २३ लागायला हवे होते. म्हणजे मशीन १० म्हणतं तेव्हा मी ९.२ नं पळत असतो. घड्याळ बिचारं खरं बोलत होतं. म्हणजे १०.६ हवा असेल तर मशीनवर ११.५, आणि ११ साठी जवळपास १२. काल तसे पाच तुकडे केले. पाचवा जड गेला, पण दांडीला हात लावला नाही.

आता एकच अडचण. जिमच्या दारावर पाटी लागलीय, 'ट्रेडमिल प्रत्येकी २० मिनिटे'. माझं सगळं धरून होतात ४१.

उखळीवाली:
सव्वापाचला जा. त्या वेळी तुम्ही आणि वॉचमन, दोघंच असता.