'व्हर्च्युअल ॲनालॉग' सिंथची सुरुवात नेमकी कुठून झाली?

नवा_कीबोर्ड
सेकंडहँड मायक्रोकॉर्ग सिंथ (सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारा कीबोर्ड) घेतलाय. सगळे त्याला 'व्हर्च्युअल ॲनालॉग' म्हणतात. बँडमधला मित्र म्हणतो, "धड ना ॲनालॉग, धड ना डिजिटल." आवाज मला आवडतो, पण एक कळत नाही. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ आल्यापासून डिजिटल सिंथ बाजारात होतेच. मग पुन्हा ॲनालॉगची नक्कल करायची बुद्धी कुणाला झाली, आणि का?

खटपट्या
मित्राला सांगा, तो शंभर टक्के डिजिटल आहे. ऑसिलेटर (आवाजाची लहर काढणारा), फिल्टर (तिच्यातले स्वर छाटणारा) सगळं एका डीएसपी, म्हणजे ध्वनीची आकडेमोड करणाऱ्या, चिपमधलं गणित. खऱ्या ॲनालॉगमध्ये हेच काम विजेची सर्किट करतात.

'का'चं उत्तर डीएक्स-७ मध्येच आहे. त्यातली एफएम पद्धत (एका लहरीने दुसरीची कंपनसंख्या हलवून आवाज घडवायचा) स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांची. घंटा आणि इलेक्ट्रिक पियानो तिच्यावर झकास वाजतात. पण पॅनेलवर नॉब औषधालाही नाही. एकेक पॅरामीटर निवडा, एकच स्लायडर सरकवा, इवल्याशा पडद्यात डोळे घाला. बहुतेकांनी तो नाद सोडला आणि फॅक्टरीचेच आवाज वाजवले. मग १९८८ मध्ये कॉर्ग एम-१ आला. रेकॉर्ड केलेले नमुने, आणि फिल्टरला रेझोनन्सच (फिल्टर जिथे छाटतो तिथलाच स्वर उठावदार करणं) नाही! वाजवता वाजवता फिल्टर किंचाळेपर्यंत उघडत न्यायचा, ती मजाच गेली.

इकडे हाउस आणि टेक्नो या नाचाच्या संगीतवाल्यांनी लोकांनी अडगळीत टाकलेली जुनी ॲनालॉग यंत्रं उचलली. रोलँड टीबी-३०३ या बास सिंथचं उत्पादन १९८४ मध्येच थांबलेलं, त्यामुळे मागणी आली तसे जुन्या मालाचे भाव चढले. ट्यूनिंग सरकणं, सुटे भाग न मिळणं हे वेगळंच. तोवर डीएसपी चिप परवडू लागल्या होत्या. १९९५ मध्ये स्वीडनच्या क्लाविया कंपनीने (मूळची डिजिटल ड्रमवाली) लालभडक नॉर्ड लीड आणला, अंगभर नॉब असलेला. 'व्हर्च्युअल ॲनालॉग' हे नाव त्याच्यामुळेच रुळलं. माझ्या मते त्याचं निम्मं यश आवाजाचं नाही, त्या नॉबचं आहे.

तारसप्तक
कॉर्ग प्रॉफेसीला विसरू नका, तोही १९९५ चाच. एका वेळी एकच स्वर वाजायचा, पण काय वाजायचा! नंतर रांगच लागली: रोलँड जेपी-८०००, यामाहा एएन१एक्स, ॲक्सेस व्हायरस. आणि कृपा करून रोलँडच्या जुन्या ज्युनो-१०६ ला यात घुसडू नका. डीसीओ (डिजिटल नियंत्रणातला ऑसिलेटर) असला तरी त्या ऑसिलेटरचं फक्त घड्याळ डिजिटल आहे. लहर आणि फिल्टर ॲनालॉगच.

नवा_कीबोर्ड
पण ॲनालॉगची ती नेहमीची सॉटूथ (करवतीच्या दातासारखी) लहर म्हणजे एक चढती तिरपी रेघ आणि खाली उडी. संगणकाला यात अवघड काय?

खटपट्या
ती उडीच नडते. सॉटूथमध्ये मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे हार्मोनिक असतात. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल (लहरीची मोजमापं) घेतले तर २२,०५० हर्ट्झच्या वरचं काही मावत नाही. आणि जे मावत नाही ते नाहीसं होत नाही, दुमडून खाली येतं. पियानोच्या उजव्या टोकाजवळचा ४,००० हर्ट्झचा स्वर घ्या. सहावा हार्मोनिक २४,००० चा, तो २०,१०० वर येतो, चालून जाईल. अकरावा ४४,००० चा, तो थेट १०० हर्ट्झवर! वर शिट्टी आणि खाली घुमघुम, जिचा त्या स्वराशी काडीचा संबंध नाही. हेच अलायसिंग.

ऐकायचं असेल तर एखाद्या जुन्या फुकट सिंथ प्लगइनवर (संगणकावर चालणारा सिंथ) साधा सॉटूथ लावा, फिल्टर पूर्ण उघडा आणि वरच्या सप्तकात पिच बेंड (स्वर सरकवणारी दांडी) हळूहळू वर न्या. मुख्य स्वर चढत असताना मागे काही बारीक स्वर उलटे उतरत जातात. एकदा का ते कानात बसलं की मग सगळीकडे ऐकू येतं.

फिल्टरचं दुखणं निराळं. मूग कंपनीच्या ॲनालॉग सिंथमधल्या प्रसिद्ध लॅडर फिल्टरमध्ये बाहेर पडलेला आवाज त्याच क्षणी परत आत जातो. साध्या डिजिटल नकलेत त्याला एक सॅम्पल थांबावं लागतं, आणि तेवढ्यानं वरच्या पट्टीत रेझोनन्सचा सूर हलतो. टिम स्टिल्सन आणि ज्युलियस स्मिथ यांनी १९९६ मध्ये या दोन्ही प्रश्नांवर शोधनिबंध लिहिले. तेही स्टॅनफर्डचेच. डीएक्स-७ ची एफएमही तिथली, हे औषधही तिथलंच.

तारसप्तक
गंमत म्हणजे जेपी-८००० च्या सुपरसॉमध्ये (सात सॉटूथ, एकमेकांपासून किंचित हललेले) अलायसिंग काढलेलंच नाही. मूळ स्वराच्या खालचं तेवढं हायपास फिल्टरने कापलंय, वरचं तसंच सोडलंय. ट्रान्स या नाचाच्या संगीतवाले ज्या झगमगाटावर फिदा आहेत, त्यात या कचऱ्याचाही वाटा आहे.

नवा_कीबोर्ड
म्हणजे नक्कल फसली तीच आवडली?

खटपट्या
नक्कल कसली? सुपरसॉ आधी कुठल्या ॲनालॉग सिंथवर होता? एका स्वराला सात सॉटूथ, एका वेळी आठ स्वर, म्हणजे ५६ ऑसिलेटर झाले. खरे ॲनालॉग बसवले असते तर ते ट्यून करत कोण बसणार होतं?