पगारापलीकडेही बघा
'पगार कमी, डेडलाइन जास्त, म्हणून मार्केट रिसर्चमध्ये येऊ नका' हे अनेकदा ऐकू येणारं मत मला अर्धंच पटतं. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो आणि क्लायंटच्या प्रेझेंटेशनआधी जागरणं होतात. पण साबण, बँक, ट्रॅक्टर अशा गोष्टींचे वेगवेगळे ग्राहक इतक्या लवकर दुसरीकडे कळत नाहीत. मात्र फील्डवर, म्हणजे लोकांच्या घरी मुलाखती घ्यायला, जाच! पंख्यापासून शेतजमिनीपर्यंतच्या ११ गोष्टींपैकी घरात किती आहेत आणि मुख्य कमावत्याचं शिक्षण किती, यावरून कुटुंबाचा एनसीसीएस वर्ग, म्हणजे ग्राहक म्हणून त्याचा आर्थिक-सामाजिक स्तर, ठरतो. तो दारात उभं राहून विचारल्यावरच नीट समजतो.

मला खरा सलतो तो फील्डवरच्या मुलांचा प्रश्न. अनेकांना मुलाखतीमागे पैसे मिळतात, बॅकचेकमध्ये, म्हणजे मुलाखत खरंच नीट झाली का याच्या फेरतपासणीत, ती बाद झाली की उन्हातली पायपीट फुकट. रुजू होण्याआधी कंपनीला याबद्दल जरूर विचारा.