हिल्टनची शिळा: धड एडिंबरात, पाय गावात. दगड कुणाचा?

सह्यवाट

गेल्या महिन्यात दोन दिवसांच्या अंतराने एकाच दगडाचे दोन तुकडे पाहिले, म्हणून हा धागा काढतोय.

मोठा तुकडा एडिंबरात, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पुरुषभर उंचीहून मोठी वालुकाश्माची शिळा, इ.स. 800 च्या आसपास पिक्ट लोकांनी कोरलेली. उत्तर आणि पूर्व स्कॉटलंडच्या या लोकांनी स्वतः लिहून ठेवलेलं फार थोडं उरलंय. दगड मात्र भरपूर सोडलेत. या शिळेच्या मधल्या चौकटीत शिकार आहे. हरीण पळतंय, मागे कुत्रे, भालेवाले स्वार, तुतारीसारखं काहीतरी फुंकणारे दोघे, आणि या सगळ्यांच्या वर घोड्यावर दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसलेली एक बाई. बाकी सगळे हरणामागे धावतायत आणि ही सरळ आपल्याकडे बघतेय. छातीवर मोठा गोल बिल्ला, शेजारी आरसा आणि फणी. मी तिथे अर्धा तास उभा होतो. बायको कॅफेत जाऊन बसली.

शिळा मूळची हिल्टन ऑफ कॅडबॉलची. इन्व्हर्नेसच्या पुढे समुद्रकाठी असलेलं कोळ्यांचं छोटं गाव. गावाबाहेर सेंट मेरीच्या पडक्या चॅपेलच्या आवारात ती होती. 1676 मध्ये कुणीतरी तिच्या मागच्या बाजूचा कोरीव क्रॉस तासून सपाट केला आणि तिथे थडग्याचा मजकूर कोरला. मजकुराचा भावार्थ असा: जो नीट जगतो तो नीट मरतो, असं शहाणा सॉलोमन म्हणतो, इथे अलेक्झांडर डफ आणि त्याच्या तीन बायका. पुढे 1860 च्या दशकात जमीनदाराने शिळा इन्व्हरगॉर्डनच्या आपल्या वाड्यावर नेली. 1921 मध्ये ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकली. स्कॉटलंडभर ओरड झाली, त्याच वर्षी ती परत आली, पण थांबली एडिंबरात.

2001 मध्ये चॅपेलजवळ खणताना शिळेचा मोडलेला खालचा भाग मातीत उभाच्या उभा सापडला. तासलेल्या क्रॉसच्या हजारो कपच्याही निघाल्या. तो खालचा भाग गावकऱ्यांनी हलू द्यायला विरोध केला आणि आज तो शेजारच्या बॅलिन्टोरमध्ये आहे.

माझं मत: आता वरचा भाग गावाकडे जावा. लंडनहून परत मागताना स्कॉटलंडने जो मुद्दा मांडला, तोच हिल्टनने एडिंबराला सांगितला तर चुकलं कुठे?

खडूस_काका

चुकलं इथे, की छिन्नी लावणारा लंडनहून आला नव्हता. थडग्यासाठी क्रॉस तासला तो तिथल्याच माणसाच्या नावाने. बाराशे वर्षांत या दगडाला शंभर वर्षं धड निवारा मिळाला, तो संग्रहालयातच. वालुकाश्म, खारा वारा, थंडीत गोठणारं पाणी. उघड्यावर ठेवा आणि दोन पिढ्यांनी तुमच्या बाईचं नाक शोधा.

सह्यवाट

काका, उघड्यावर ठेवा असं म्हटलंच नाही. त्याच किनाऱ्यावर दोन पावलांवर शँडविकची शिळा काचेच्या घरात मूळ जागी उभी आहे. नीगची शिळा तिथल्या जुन्या चर्चच्या आत आहे. अॅबरलेम्नो या दुसऱ्या स्कॉटिश गावात तर दर हिवाळ्यात पिक्टांच्या दगडांवर लाकडी खोकी चढवतात, वसंतात उतरवतात. आपण गणपती झाकतो तशी. सोय करता येते. आणि तासणारा एक डफ होता, गाव नव्हे.

पाटावरवंटा

आमच्या गावात (सातारा जिल्हा, नाव नको) देवळापुढे तीन वीरगळ आहेत, लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड. खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला घेऊन जातायत, वर तो शिवलिंगापुढे हात जोडून. दर अमावस्येला तेल, वर्षातून एकदा शेंदूर. आता मधली चौकट बोटांनी चाचपूनच कळते. पण म्हातारी माणसं त्याला दगड म्हणत नाहीत, "आमचे वीर" म्हणतात. जिल्ह्याच्या संग्रहालयात नेले तर शेंदूर निघेल, कोरीवकाम दिसेल आणि वीर जातील. काका, कुठला तोटा मोठा ते तुम्हीच सांगा.

खडूस_काका

कोरीवकाम जाणं हा मोठा. वीर कोण होता ते आज तुमच्या गावात कुणाला सांगता येतं का? नाव गेलं, लढाई गेली, आता चित्रही जाणार. राहणार काय, तर तेलकट दगड. बोरिवलीच्या एकसरचे वीरगळ बघा. त्यावर गलबतांची लढाई कोरली आहे म्हणून शिलाहार-यादवांच्या आरमाराबद्दल आपण दोन वाक्यं तरी बोलू शकतो. त्यावर वर्षानुवर्षं शेंदूर चढला असता तर?

मांडवीकाठ

मी गोव्यातली. ओल्ड गोव्याला सेंट फ्रान्सिस असिसीच्या जुन्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, तिथे वीरगळ ठेवलेत. शाळेच्या सहली पोर्तुगीज गव्हर्नरांची चित्रं बघतात आणि वीरगळांपुढून चालत निघून जातात. दगड सुखरूप आहे हो, पण त्याला कुणी विचारत नाही. दगड गावाला परत मिळावेत असं मी म्हणत नाही. "संग्रहालयात ठेवला म्हणजे जपला" एवढ्यावर काका समाधान मानतात, तेवढंच मला खटकतं.

आणि त्या बाईच्या आरशा-फणीला सजण्याचं सामान समजू नका. पिक्टांच्या कितीतरी दगडांवर ही जोडी खूण म्हणून येते. आपल्या सतीशिळेवरचा बांगड्यांचा हात नुसता दागिना नसतो, तसंच.

निळीशाई

मधला मार्ग आहे ना. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर 1831 मध्ये सापडलेल्या बुद्धिबळाच्या सोंगट्या घ्या. 93 पैकी 82 ब्रिटिश म्युझियमकडे, 11 एडिंबराकडे. त्यातल्या सहा आता स्टॉर्नोवेला, म्हणजे बेटावरच, दीर्घ मुदतीच्या उसनवारीवर आहेत. वाघनखं नाही का 2024 मध्ये तीन वर्षांच्या उसनवारीवर लंडनहून महाराष्ट्रात, आधी साताऱ्याला, आली?

खडूस_काका

आली, आणि ती महाराजांचीच का यावर आपण सगळे भांडलो. उसनवारीत मालकी कुणाची हे पहिल्या पानावरच लिहिलेलं असतं. गावाला ते चालेल? सह्यवाटांना चालेल?

सह्यवाट

मला चालेल. गावाचं माहीत नाही. तिथल्या लोकांशी बोललेल्या अभ्यासकांनी लिहिलंय, की गावकरी शिळेबद्दल माणसासारखं बोलतात: ती इथे जन्मली, इथे वाढली. यातल्या बऱ्याच घरांचे पूर्वज जमीनदारांनी शेतावरून हुसकावलेले. मेंढ्यांसाठी रान मोकळं केलं आणि माणसं किनाऱ्यावर ढकलली. आपल्याला हाकललं, दगडालाही नेलं, असं ते जोडलं जातं. धरणात गाव गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

खडूस_काका

हे मनाला भिडतं, नाकारत नाही. पण मग खोदकामात दिसलेलं तेही सांगा. शिळा तिथे एकदा नाही, दोनदा रोवली होती. मोडली, पुन्हा उभी केली. आज "जन्मली" म्हणणाऱ्यांचे पूर्वज नंतर आले, असं तुम्हीच म्हणताय. मग गावाचा हक्क नेमका कुठल्या सालापासून धरायचा?

छिन्नीहातोडा

घरात तीन पिढ्या मूर्तिकाम, म्हणून वेगळं बोलतो. तुम्ही तिसऱ्या दगडाला विसरलात. बॅरी ग्रोव्ह नावाच्या शिल्पकाराने पूर्ण शिळा नव्याने कोरली आणि ती 2000 पासून चॅपेलपाशी उभी आहे. क्रॉसच्या बाजूला काय होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. मग मातीतून कपच्या निघाल्या आणि त्यांच्या आधाराने त्याने ती बाजू नंतर कोरली. म्हणजे डफच्या वेळी गेलेला क्रॉस आज बघायचा तर एडिंबरात नाही, हिल्टनला जावं लागतं.

तुम्ही याला नक्कल म्हणाल. आमच्याकडे भंगलेली मूर्ती विसर्जित करून नवी बसवतात, तिला नक्कल म्हणत नाहीत. माझं मत विचाराल तर गावाला दगड मिळालाय. एडिंबरात आहे तो इतिहास, तो राहू द्या.

मांडवीकाठ

हे पटलं नाही. नवी मूर्ती बसवली तरी जुनी दुसऱ्याच्या दिवाणखान्यात ठेवत नाहीत. विठोबा हंपीहून भानुदासांनी आणला असं म्हणतात. पंढरपूरकरांना तेव्हा नवा घडवून घ्या म्हणून सांगितलं असतं तर?

छिन्नीहातोडा

😀 इथे मी हरलो.

निळीशाई

कायद्याचंही बघा. स्कॉटलंडमध्ये जमिनीतून निघालेली बेवारशी वस्तू राजाची. आपल्याकडे 1878 चा निखात निधीचा कायदा, दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं की कलेक्टरला कळवा. दोन्हीकडे गाव हा शब्दच नाही. हिल्टनच्या लोकांनी विरोध केला नसता तर तळाचा तुकडाही गाडीत चढला असता. म्हणून मी सह्यवाटांच्या बाजूने, पण उसनवारीनेच.

पाटावरवंटा

विषय थोडा सोडून. हा धागा वाचून आज सकाळी देवळात गेलो. तीन वीरगळ म्हटलं होतं ना? पायऱ्या बघितल्या. तिसऱ्या पायरीची एक कड वेगळी आहे, खाली बारीक चौकटीचा कोपरा दिसतोय, बाकी सगळं सिमेंटमध्ये उलटं. गुरवाला विचारलं तर म्हणाला, पायऱ्या वडिलांच्या वेळच्या. सरपंचांना सांगून उचलून बघावी का?

खडूस_काका

अजिबात हात लावू नका. पहार घातली की दोन तुकडे होतील. मोबाइलने कडेचा फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून, आणि पुरातत्त्व खात्याला अर्ज करा.

सह्यवाट

फोटो इथेही टाका. आणि काका, खातं ती पायरी घेऊन गेलं तर?

पाटावरवंटा

गुरवानेही हेच विचारलं.