मदत हवी आहे: गावच्या पुळणीवर बंधारा येतोय, कासवांचा मुद्दा ग्रामसभेत कसा मांडावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही बडोद्याचे, रावपुऱ्यात तीन पिढ्या. मूळ गाव दापोली तालुक्यात समुद्रकाठी. तिथलं घर आणि माडाची वाडी चुलतभाऊ सांभाळतो. गावात सध्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा विषय चालू आहे. पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याच्या, कडेने मोठे दगड रचायचे, वर पेव्हर ब्लॉकचा फिरायचा रस्ता, बाकं आणि दिव्यांचे खांब. पुढच्या ग्रामसभेत ठराव येईल, असं दादा म्हणतो.

बंधारा नकोच, असं माझं म्हणणं नाही. पावसाळ्यातल्या उधाणात आमच्याच वाडीचे समुद्राकडचे माड गेलेत आणि मागे वस्ती आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचा पूर पाहिलेल्या बडोदेकराला पाण्याची भीती समजावून सांगावी लागत नाही.

पण जिथे दगड पडणार, त्याच पट्ट्यात हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या रात्री वर येऊन अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. बाहेर पडलेलं पिल्लू उजेडाच्या दिशेने चालतं, म्हणून मला दगडांइतकेच ते दिव्यांचे खांब खटकतात. शिवाय दगडावर आपटून परतणारी लाट समोरची वाळू ओढून नेते. पुळण खचत जाते, आणि बंधारा जिथे संपतो तिथे धूप उलट वाढते. आमच्याकडे नेमक्या त्या टोकाला कोळ्यांच्या होड्या लागतात. वाळूचे उंचवटे धरून ठेवणारी मर्यादवेल आणि केवडा, खाडीच्या तोंडाची तिवरं, तिथे तिसऱ्या (शिंपले) आणि कालवं काढणाऱ्या बायका, यांपैकी कशाचाच उल्लेख प्रस्तावात नाही.

दादाला हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "बाय, कासव चार महिने येतं, आम्ही बारा महिने राहतो." त्याचं खोटं नाही, आणि मला त्याला उत्तर देता आलं नाही.

इथे २०२५ मध्ये विश्वामित्री खोल आणि रुंद करायचं काम निघालं, त्याआधी फेब्रुवारीत नदीतल्या मगरी मोजल्या गेल्या. आकडा आला ४४२. काम त्यामुळे अडलं नाही, पण नदीत काय आहे ते जेसीबी उतरण्याआधी कागदावर आलं. गावासाठी मी एवढंच मागते आहे.

जैविक विविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही हवी. दादाने आमच्या नोंदवहीचे फोटो पाठवले. आंबा, फणस, कोकम, अडुळसा, गुरंढोरं सगळं आहे, समुद्राचं एकही पान नाही. समुद्रकाठच्या गावाची नोंदवही ही!

तर या नोंदवहीत आत्ता भर घालून ती ठरावाला जोडता येते का? विणीच्या जुन्या नोंदी वनखात्याकडून कशा मागवायच्या? माझं नाव बडोद्याच्या मतदार यादीत, म्हणजे ग्रामसभेत मला मत नाही. शहरातून येऊन शिकवते, असं गावाला वाटू नये. हा मुद्दा कोणी मांडावा? कोणी असं काही केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

ताई, आमच्या भागात ग्रामपंचायतीचं काम केलंय, म्हणून लिहितो. नोंदवहीत कधीही भर घालता येते. समितीची बैठक लावा असं गावातल्या चार-पाच जणांच्या सह्यांनी लिहून द्या आणि पोच घ्या. विणीच्या नोंदी माहिती अधिकारात मागवा, तारीख आणि जागेसकट.

मात्र खरी किल्ली दुसरीकडे आहे. किनारा नियमन अधिसूचना २०१९ मध्ये कासवांच्या विणीच्या जागा, वाळूचे उंचवटे आणि कांदळवनं सीआरझेड-१अ, म्हणजे किनाऱ्याच्या सर्वात नाजूक गटात, मोडतात. नुसत्या ठरावावर बंधारा होत नाही, महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जावंच लागतं. अर्ज झालाय का आणि ती जागा किनारा नियमनाच्या नकाशात कशात दाखवली आहे, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी विचारा. नकाशा १:२५,००० चा असेल तर त्यावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ मीटर. छोटी पुळण त्यात सहज हरवते.

प्रतिसाद

तुमच्या दादांना मंडणगड तालुक्यातल्या वेळासला घेऊन जा. सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे घरटी राखायला सुरुवात केली. आता कासव महोत्सवाला आलेली माणसं गावकऱ्यांच्याच घरात राहतात, जेवतात. त्यांच्या "चार महिने"ला हे उत्तर आहे. शिवाय २०२१ मध्ये ओडिशात टॅग लावलेली मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. इतक्या लांबून येणाऱ्या जिवाला आपली पुळण उपयोगी पडते.

आणि मुद्दा होडीवाल्यांना मांडू द्या. टोकाची धूप त्यांच्याच दारात होणार आहे. बंधारा फक्त वस्तीसमोर आणि जमिनीकडे सरकवून, बाकी पट्ट्यात मर्यादवेल आणि केवडा, विणीच्या हंगामात दिवे बंद, असा दुरुस्तीचा ठराव त्यांच्याकडून आला तर सभा ऐकेल.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. दिव्यांची अट दादाला लगेच पटली, बंधारा जमिनीकडे सरकवायला तो तयार नाही, कारण मग आमच्याच वाडीचा तुकडा जातो. तो तुकडा सोडायचा की नाही, हे आता घरात ठरवायला हवं. एक राहिलं: दुरुस्तीचा ठराव मतदाराला आयत्या वेळी मांडता येतो, की विषयपत्रिकेत आधी घालून घ्यावा लागतो?