भावाचे कर्ज थकले आणि वसुलीवाले माझ्या कार्यालयात येतात: माझी जबाबदारी किती?

प्रश्न (वाचक, नाशिक)

माझ्या धाकट्या भावाने एका खासगी वित्तसंस्थेकडून वैयक्तिक कर्ज घेतले, तेव्हा अर्जात संदर्भ म्हणून माझे नाव आणि मोबाइल क्रमांक दिला होता. मी कोणत्याही कागदावर सही केलेली नाही. नोकरी गेल्यापासून त्याचे हप्ते थकले आहेत आणि तो फोन उचलत नसल्यामुळे वसुली एजंट आता मला फोन करतात, कधी सकाळी साडेसहाला, कधी रात्री दहानंतर. मागच्या आठवड्यात दोघे जण थेट माझ्या कार्यालयात आले आणि पाहुण्यांच्या बाकांसमोर उभे राहून, ‘मॅडमच्या घरचे लोक पैसे बुडवतात’ असे सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. त्यानंतर ‘पैसे भरा, नाहीतर भावाला अटक होईल’ असा व्हॉट्सअ‍ॅप संदेशही आला. कर्ज बुडवण्याचा आमचा इरादा नाही. पण माझ्यावर कायद्याने काही जबाबदारी येते का, आणि तक्रार नेमकी कोणाकडे करावी?

उत्तर (निवृत्त बँक अधिकारी, पुणे)

ताई, सर्वप्रथम कर्जकराराची प्रत भावाकडून मागवून घ्या आणि त्यात आपले नाव जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून कुठे आलेले नाही ना, हे स्वतः वाचून पाहा, कारण हल्ली सही कागदावर न होता मोबाइलवर आलेल्या ओटीपीनेही होते आणि अनेकांना आपण कशाला संमती दिली हे ठाऊक नसते. जामीनदार असाल, तर 1872 च्या करार कायद्याच्या कलम 128 नुसार आपली जबाबदारी सर्वसाधारणपणे कर्जदाराइतकीच ठरते. नाव केवळ संदर्भ म्हणून असेल, तर एक रुपयाही आपल्याकडून मागता येत नाही.

आता वागणुकीविषयी. रिझर्व्ह बँकेने 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात स्पष्ट सांगितले आहे की, थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी 8 पूर्वी आणि सायंकाळी 7 नंतर फोन करता येणार नाही, दमदाटी करता येणार नाही आणि कर्जदाराला चारचौघांत अपमानित करणे किंवा त्याचे कुटुंबीय, मित्र व संदर्भ म्हणून नाव दिलेल्या व्यक्ती यांच्या खासगी आयुष्यात घुसणे चालणार नाही. आपल्या बाबतीत या सगळ्याच गोष्टी घडल्या आहेत. ‘तो एजंट बाहेरचा आहे, आमचा नाही’ हे उत्तर वित्तसंस्थेने दिले तर ते मान्य करू नका; एजंटच्या कृत्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्या संस्थेवरच असते. मी नोकरीत असताना हेच उत्तर कित्येकदा ऐकले आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. एजंट दारात आला की त्याच्याकडे ओळखपत्र आणि संस्थेचे अधिकारपत्र मागावे. पुष्कळदा बोलणे तेवढ्यावरच मवाळ होते.

तक्रार तोंडी करू नका. फोनच्या वेळा, क्रमांक, संदेशांचे स्क्रीनशॉट आणि शक्य असल्यास कार्यालयातील सीसीटीव्हीचे चित्रण जमवून संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर समाधानकारक वाटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र ही तक्रार ग्राहकाची असावी लागते, म्हणून ती भावाच्या नावाने करणे सुरक्षित. कार्यालयातील प्रकाराबद्दल पोलिसांकडे जायचे असेल, तर तो अर्ज आपण स्वतःच्या नावाने द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

उत्तर (वकील, कोल्हापूर)

अटकेच्या धमकीबद्दल थोडे. केवळ हप्ता थकला म्हणून कोणालाही अटक होत नाही. तो दिवाणी स्वरूपाचा वाद आहे. परंतु भावाने धनादेश दिला असेल आणि तो वटला नसेल, तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (धनादेश वगैरेंविषयीच्या कायद्याच्या) कलम 138 खाली तो गुन्हा ठरू शकतो, आणि बँक खात्यातून आपोआप जाणारा हप्ता शिल्लक नसल्याने परत गेला असेल, तर 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायद्याच्या कलम 25 मध्येही तशीच तरतूद आहे. तेथेसुद्धा आधी लेखी नोटीस येते आणि ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम भरली तर तो गुन्हा ठरत नाही. म्हणून खरी नोटीस आली तर ती घेण्यास नकार देऊ नये; व्हॉट्सअ‍ॅपवर न्यायालयाचे बोधचिन्ह चिकटवून पाठवलेला कागद मात्र आधी तपासून घ्यावा. धमकावण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचे कलम 351 आपल्या बाजूने आहे.

उत्तर (वाचक, सांगली)

कर्ज पतसंस्थेचे असते, तर मार्ग वेगळा असता. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे तेथे रिझर्व्ह बँकेचा लोकपाल कामाचा नाही. तक्रार उपनिबंधकांकडे करावी लागते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 खाली वसुली दाखला (थकबाकी वसूल करण्याचा निबंधकांचा आदेश) निघाला, की जामीनदाराच्या मालमत्तेवरही जप्ती येऊ शकते. आमच्याकडे मित्रासाठी जामीन राहिलेले अनेक जण हे अनुभवतात.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. करारात माझे नाव केवळ संदर्भ म्हणूनच आहे, हे पाहिले, ईमेलही पाठवला. आता तोच एजंट भावाला म्हणतो, ‘निम्म्या रकमेत मिटवून देतो, रोख द्या.’ हे करावे का?

उत्तर (निवृत्त बँक अधिकारी, पुणे)

रोख अजिबात देऊ नका. तडजोडीची रक्कम, मुदत आणि त्यानंतर काहीही येणे राहणार नाही हे वाक्य, एवढे सर्व संस्थेच्या लेटरहेडवर लेखी मिळाल्याशिवाय पैसे हलवू नयेत, आणि हलवायचे ते संस्थेच्या कर्जखात्यातच. भावाला हेही सांगा की अशा तडजोडीनंतर सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींत, खाते ‘सेटल्ड’ (पूर्ण न फेडता मिटवलेले) असे दिसते आणि पुढचे कर्ज मिळताना ते आड येते. नोकरी लवकर लागण्याची शक्यता असेल, तर हप्ते कमी करून मुदत वाढवून मागण्याचा अर्ज आधी द्यावा.