दिल पड़ोसी है
सिनेमाबाहेरच्या अल्बमचा विषय निघाला की बहुतेक जण नव्वदीतले इंडीपॉपचे (बिगरफिल्मी हिंदी पॉप गाण्यांचे) अल्बम काढतात, मी जरा मागे नेतो. 'दिल पड़ोसी है', १९८७. आशाबाईंचा आवाज, पंचमचं (आर. डी. बर्मनचं) संगीत, गुलजारांचे शब्द, आणि सिनेमाचा पत्ता नाही!

मामाने दोन कॅसेटचा संच आणला होता. मे महिन्याच्या सुट्टीत मी तो इतका वाजवला की टू-इन-वनने (रेडिओ-कम-कॅसेट प्लेअरने) शेवटी एक फीत गिळली. पेन्सिल घालून गुंडाळली खरी, पण 'रात ख्रिसमस की थी'मध्ये एका जागी सूर कायमचा डगमगायला लागला. आता मोबाईलवर तेच गाणं स्वच्छ वाजतं, तरी त्या जागी माझा कान अडखळतोच.

माझा अंदाज असा, की याच तिघांच्या 'इजाजत' सिनेमाच्या गाण्यांमुळे हा अल्बम झाकोळला. त्यातल्या 'मेरा कुछ सामान'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, मग याच्याकडे कोण बघतंय? सगळीच गाणी बावनकशी नाहीत, दोन-तीन मी तेव्हाही पुढे ढकलायचो. पण 'भीनी भीनी भोर' एकदा पहाटे हेडफोन लावून ऐका. (आमच्या घरातून प्रश्न आलाय: पहाटे उठणार कोण?)