एस्टीमचं हाफ इंजिन नायट्रससाठी: फोर्ज्ड पिस्टन पुरेसे आहेत का?

सियागंज_१३००
मारुती एस्टीम, १२९८ सीसी, जी१३बीबी एमपीएफआय इंजिन. रिंगा गेल्यामुळे हाफ इंजिन (हेडखालचा भाग: ब्लॉक, क्रँक, रॉड, पिस्टन) उघडलंय. उघडलंच आहे तर नायट्रस (ताकद वाढवायला इंजिनात सोडायचा नायट्रस ऑक्साइड) झेपेल असं बांधून घ्यायचंय. वेट किट (नायट्रससोबत जादा पेट्रोलही देणारं), ३५ चा शॉट (म्हणजे ३५ हॉर्सपॉवर जादा), पुढे बहुधा ५०. गाडी रस्त्यावर नाही, फक्त ट्रॅकवर. फोर्ज्ड (घडीव) पिस्टन टाकले की भागेल, की रॉडही बदलू? बोरिंगवाला म्हणतो, १ मिमी ओव्हरसाइज करा, सीसीही वाढेल.

खराद_पोलोग्राउंड
१ मिमी अजिबात नको. ब्लॉक अॅल्युमिनियमचा आहे, आत बिडाचे लायनर. एकीकडे दाब वाढवायचा आणि दुसरीकडे भिंत पातळ करायची, याला काय अर्थ? झीज निघेल एवढंच, ०.२५ किंवा फार तर ०.५० घ्या. होनिंग (बोअरची शेवटची घासाई) टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट) लावूनच करून घ्या. हेडचे बोल्ट आवळले की बोअर किंचित वाकतो. प्लेटशिवाय गोल दिसणारा बोअर गाडीत गोल राहत नाही.

आता पिस्टन. कास्ट (ओतीव) पिस्टन मरतो तो बहुतेकदा पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेमधली कड तुटून. नायट्रसवर वरची रिंग जास्त तापून लांबते. गॅप (टोकांमधली फट) कमी पडला की तिची टोकं एकमेकांना भिडतात, रिंग बोअरमध्ये अडकते आणि कड उचलून निघते. फोर्ज्ड पिस्टन घेऊन गॅप कंपनीचाच ठेवलात तर पैसे वाया. ७४ मिमी बोअरला ३५ च्या शॉटसाठी वरच्या रिंगेचा गॅप ०.४४ मिमीच्या आसपास, दुसरीचा ०.०५ जास्त. दुसरी घट्ट राहिली तर मधे दाब साठून वरची रिंग फडफडते. रिंग बोअरमध्ये पिस्टनने सरळ दाबून बसवा आणि मग फीलर गेज घाला, तिरकी राहिली तर माप खोटं येतं.

पिस्टन २६१८ मिश्रधातूचा असेल तर तो ४०३२ पेक्षा जास्त फुगतो. क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली फट) पिस्टनवाल्याच्या कागदाप्रमाणेच. थंड इंजिन थोडं टकटक करेल, ते चालतं.

लाल_बटन
रॉडबद्दल. नायट्रस रॉडला दाबतो, आरपीएम त्याला ओढतो. शॉटची ताकद जवळपास ठरलेली असते, म्हणून आरपीएम जितका कमी तितका टॉर्क जास्त. ३५ हॉर्सपॉवर म्हणजे ३००० ला सुमारे ८३ न्यूटन-मीटर जादा, ६००० ला ४१. अख्ख्या इंजिनचा मूळ टॉर्क शंभरच्या थोडा वर असताना! म्हणून विंडो स्विच (ठराविक आरपीएममध्येच नायट्रस सोडणारा) लावाच: ३५०० च्या खाली बंद, रेव्ह लिमिटरच्या २००–३०० आधी बंद, आणि फुल थ्रॉटलचा मायक्रोस्विच वेगळा. रॉड वाकतात ते बहुतेक कमी आरपीएमला शॉट सोडण्याच्या चुकीने.

३५ ला कंपनीचे रॉड, क्रॅक टेस्ट करून आणि चांगले बोल्ट घालून चालतील. नवे बोल्ट ठोकले की रॉडचं मोठं (क्रँककडचं) तोंड पुन्हा गोल करून घ्यावं लागतं. हे आपल्याकडे सर्रास वगळतात आणि मग बेअरिंगच्या नावाने बोंब मारतात. बोल्ट नुसत्या टॉर्कवर नका आवळू, आवळण्याआधी आणि नंतर लांबी मोजा. ५० ला मात्र एच-बीम (एच आकाराच्या छेदाचे) रॉडच.

क्रँक ग्राइंड करावाच लागला तर जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई टिकवायला सांगा. कोपरा धारदार राहिला की तडा तिथूनच सुरू होतो. बेअरिंग क्लिअरन्स जर्नलच्या व्यासाचा हजारावा भाग: ४२ मिमीला ०.०४२. प्लास्टिगेज (दाबून फट मोजायचा प्लास्टिकचा धागा) शेवटी खात्रीला ठीक आहे, मोजणी मायक्रोमीटर आणि बोअर गेजनेच.

मे_महिना
हाफ इंजिन कितीही भक्कम करा, ते उडवायला एक लीन पुल (पेट्रोल कमी पडलेली फुल थ्रॉटलची धाव) पुरतो. इंदूरच्या उन्हाळ्यात डिकी ३६.४ अंशांच्या वर सहज जाते, आणि त्या तापमानाला नायट्रस बाटलीत द्रवरूप राहतच नाही. दाब १०५० पीएसआयच्या वर गेलेला असतो. पेट्रोलचा जेट तोच, नायट्रस जास्त, मिश्रण लीन. गेज ९००–९५० वर आल्याशिवाय नायट्रस आर्म (सोडायला तयार) करू नका. बाटलीला ओलं फडकं गुंडाळा. थंडीत उलटं होईल, तेव्हा बाटलीचा हीटर लावा, कुणी गॅसची बत्ती सुचवली तर तिथून निघा.

ट्यूनिंगला लॅम्बडा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त) ०.८० च्या आसपास, टायमिंग २–४ अंश मागे, प्लग एक नंबर थंड, गॅप ०.६५. हेड खरवडून कॉम्प्रेशन वाढवू नका. प्लगच्या पोर्सिलीनवर काळे ठिपके किंवा चकचकीत अॅल्युमिनियमचे कण दिसले तर पुढचा पुल नाही.

सियागंज_१३००
धन्यवाद. मग रिंगगॅप आत्ता ३५ चा ठेवू आणि ५० ला पुन्हा उघडू?

खराद_पोलोग्राउंड
पुन्हा कशाला? आत्ताच वरची ०.५०, दुसरी ०.५५ करा, रॉडही आत्ताच. ब्लो-बाय (रिंगांमधून क्रँककेसमध्ये गळणारा वायू) थोडा वाढेल, म्हणून क्रँककेसच्या नळीवर कॅच कॅन (तेल अडवणारा डबा) लावा. तेलाची वाफ इनटेकमध्ये गेली की ऑक्टेन घटतो आणि नॉकिंग सुरू होतं.